गरोदरपणात काय झालं होतं गं? ऑटिझम आणि आईची हिस्टरी

मृण्मयी_नाशिक

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. माझा मुलगा आता पाच वर्षांचा झालाय, ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान तिसऱ्या वर्षी झालं. थेरपीवर इथे आधीच पुष्कळ धागे आहेत म्हणून त्याबद्दल नाही विचारत. मला बोलायचंय ते त्या प्रश्नाबद्दल जो निदान कळल्या कळल्या सगळे आईलाच विचारतात, गरोदरपणात काय झालं होतं गं?

दवाखान्यातला फॉर्म तर इथल्या बऱ्याच जणींनी भरला असेल. कितवा महिना भरला होता, बीपी होतं का, शुगर होती का, ताप आला होता का, कोणती औषधं घेतली, सीझर का नॉर्मल, बाळाने पोटात शी केली होती का, नाळ मानेभोवती होती का, जन्मल्यावर लगेच रडलं का, पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती होती. मी एकेक उत्तर देत होते आणि नवरा शेजारी बसून फाईलमधून जुन्या सोनोग्राफीचे कागद काढून देत होता. त्याला एकच प्रश्न आला, काय काम करता. फॉर्म संपेपर्यंत मला घाम फुटला होता, कारण प्रत्येक प्रश्नाला वाटत होतं की आता हेच कारण निघणार.

मग घरचे सुरू झाले. २०२० च्या जूनमध्ये मला सहावा महिना होता आणि २१ तारखेला सूर्यग्रहण होतं. लॉकडाऊनमुळे कामाला कोणी येत नव्हतं, सकाळी अकराच्या सुमाराला मी विळीवर दुधी चिरायला घेतला. हे सासूबाईंच्या पक्कं लक्षात आहे आणि प्रत्येक नवीन नातेवाइकाला त्या सांगतात. आणि याच सासूबाई मुलगा बोलत नव्हता तेव्हा मला धीर द्यायच्या, की घाबरू नकोस, याचा बाबा पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.

तर विचारायचं हे की गरोदरपणातल्या कुठल्या गोष्टींचा ऑटिझमशी खरंच संबंध सापडलाय आणि कुठल्या गोष्टी आपण उगाच उरावर घेऊन फिरतोय. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका, जे खरं आहे ते लिहा.

अनघा_टी

मृण्मयी, अगदी माझ्याच घरातलं लिहिलंस. माझ्याकडे ग्रहण नव्हतं तर लॅपटॉप होता. नववा लागेपर्यंत नोकरी केली, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची, म्हणून लेक अशी. यावर काय बोलणार.

पण मला आता वेगळीच काळजी लागलीये. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी टीव्हीवर सांगितलं ना की गरोदर बायकांनी पॅरासिटामॉल घेऊ नका, ऑटिझम होतो, ते आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी पुन्हा टाकलं. माझी बहीण पाचव्या महिन्यात आहे, तिला परवा १०२ ताप होता आणि तिने क्रोसिनची अर्धी गोळीसुद्धा घेतली नाही, नुसत्या ओल्या घड्या ठेवून रात्र काढली. मला म्हणाली ताई तुझ्याकडे बघून भीती वाटते. हे ऐकून मला रडू आलं. माहितगारांनी कृपया लिहा.

डॉ_समीर_विकासबालरोग

अनघाताई, आधी तुमच्या बहिणीचं. तिला आजच तिच्या गायनॅककडे पाठवा, ताप कशाचा आहे ते बघायला हवं. गरोदरपणात चढा ताप अंगावर काढणं बाळासाठी चांगलं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये पॅरासिटामॉल हेच या काळातलं त्यातल्या त्यात सुरक्षित औषध आहे. उलट ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम वगैरे मनाने घेऊ नये.

आता ती बातमी. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ मध्ये जन्मलेल्या जवळजवळ २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते आकडे बघितले तर पॅरासिटामॉल घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये ऑटिझम किंचित जास्त दिसतो. पण मग त्यांनी सख्खी भावंडं घेतली. म्हणजे आई तीच, एका वेळी गोळी घेतली होती आणि दुसऱ्या वेळी नव्हती. तिथे तो फरक उरलाच नाही. म्हणजे फरक गोळीचा नव्हता, ज्या घरांत गोळी जास्त घेतली जाते त्या घरांमध्येच काहीतरी वेगळं होतं, ताप, मायग्रेन, इतर दुखणी, आनुवंशिकता.

ही भावंडांची पद्धत नीट लक्षात घ्या, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. सीझरचंही तसंच झालं. स्वीडनमधल्याच सुमारे २७ लाख मुलांच्या २०१५ च्या अभ्यासात सीझरने जन्मलेल्यांमध्ये ऑटिझम थोडा जास्त दिसला, आणि भावंडांची तुलना केल्यावर दिसेनासा झाला. कळा यायला इंजेक्शन दिलं म्हणून ऑटिझम झाला असंही आमच्याकडे पालक विचारतात, त्याचीही भावंडांमध्ये तपासणी झाली आहे आणि संबंध आढळला नाही.

मृण्मयीताई, तुमच्या फॉर्मबद्दल. आम्ही हे प्रश्न कशासाठी विचारतो ते आम्हीच नीट सांगत नाही, ही आमची सगळ्यांचीच चूक आहे. बाळ लगेच रडलं का हे विचारतो कारण जन्मताना ऑक्सिजन कमी पडला असेल तर सेरेब्रल पाल्सी, फिट्स, बुद्धीचा विकास या दिशेने तपासायला लागतं. कावीळ फार वाढली होती का विचारतो कारण तिने ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि ऐकू न येणारं मूलही हाक मारल्यावर बघत नाही. दिवस भरण्याआधी जन्म झाला असेल तर डोळे, कान, हालचाल सगळंच बारकाईने बघायला हवं. म्हणजे तो फॉर्म पुढे कुठल्या तपासण्या करायच्या ते ठरवायला असतो. नाळ मानेभोवती असणं तर कितीतरी बाळंतपणांत असतं आणि बहुतेक बाळं ठणठणीत असतात. ग्रहण आणि दुधी भोपळ्यावर मी काही लिहायची गरज नाही असं वाटतं.

सुधा_आजी_सांगली

मी इथे वाचते जास्त, लिहीत नाही. माझा नातू स्वमग्न आहे. मला खरंच कळत नाही म्हणून विचारते, आमच्या वेळी दहा दहा बाळंतपणं व्हायची घरात, असली मुलं दिसायची नाहीत. आता सीझर, सोनोग्राफ्या, गोळ्या, उशिरा लग्नं. काहीतरी तर झालंच असणार ना पोटात असताना? सुनेला दोष द्यायचा नाहीये मला, ती फार करते त्याच्यासाठी.

डॉ_समीर_विकासबालरोग

आजी, तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत. अशी मुलं तेव्हाही होती. कोणाला मुका म्हणायचे, कोणाला वेडसर, कोणाला देवभोळा, आणि बरीचशी घरातच असायची, शाळेत कोणी घालायचं नाही. निदानाचे निकषही तेव्हा फार अरुंद होते, आता बोलणारी, शाळेत जाणारी मुलंसुद्धा त्यात येतात, त्यामुळे आकडा मोठा दिसतो. सोनोग्राफीने ऑटिझम होतो असा पुरावा नाही.

उशिरा मूल होण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, थोड्या प्रमाणात. आईचं वय जास्त असेल तर शक्यता थोडी वाढते, आणि बापाचं वय जास्त असलं तरी वाढते. बापाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे मुलात साधारण दोन नवे जनुकीय बदल जास्त जातात असं आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं होतं. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, पण बापाचं वय कोणी विचारत नाही, आमचा फॉर्मसुद्धा ते एका कोपऱ्यात विचारतो.

विनय_ठाणे

हे कोणीतरी लिहिणं गरजेचंच होतं. मी ४१ चा असताना मुलगी झाली. तिच्या निदानानंतर माझ्या बायकोला तिच्या माहेरच्यांनी, माझ्या आईने, शेजारच्या काकूंनी, सगळ्यांनी विचारून झालं, मला आजपर्यंत एका माणसाने विचारलेलं नाही की तुझं वय काय होतं किंवा तुझ्याकडे कोणी असं आहे का. माझे सख्खे काका रेल्वेचं अख्खं टाइमटेबल पाठ म्हणायचे, लग्नकार्यात कधी यायचे नाहीत, एकाच भांड्यात जेवायचे. त्यांना आम्ही विक्षिप्त म्हणायचो आणि सोडून द्यायचो. मुलीच्या डॉक्टरांशी बोलताना मला ते एकदम आठवले आणि मीच आपणहून सांगितलं. तेव्हापासून घरात जेव्हा कोणी बायकोला काही विचारतं तेव्हा मी मध्ये पडून काकांचं सांगतो. बाबालोकांनो, हे तुम्ही करा, तिला एकटीला उत्तरं देत बसू देऊ नका.

मृण्मयी, तुमच्या सासूबाईंनी बाबा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही हे सांगितलं ना, ते डॉक्टरांना सांगितलंत का? दुधीपेक्षा ती माहिती शंभर पटीने कामाची आहे.

आरहूसकर

मी डेन्मार्कला असतो, आरोग्याच्या डेटामध्ये काम करतो, म्हणून यातलं थोडं लिहू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला तो बरोब्बर मृण्मयी यांच्या प्रश्नावरच आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या माग्दालेना यानेत्स्का यांच्या टीमने डेन्मार्कचा डेटा वापरला, ११ लाखांहून जास्त गरोदरपणं, सहा लाखांवर आया.

इकडे हे शक्य होतं त्याचं कारण असं की १९६८ पासून इथे प्रत्येक माणसाला एक नंबर असतो, जन्मल्या दिवसापासून. दवाखान्यात गेलात, औषध घेतलंत, मूल झालं, सगळं त्या नंबरला जोडलेलं. त्यामुळे आईला आठवतंय का, ती काय सांगते, यावर अवलंबून राहावं लागत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण ज्या आईच्या मुलाला निदान झालंय ती मागचं सगळं उकरून उकरून आठवते आणि जिचं मूल ठीक आहे ती कधीच विसरून गेलेली असते, आणि मग नुसतं विचारून केलेल्या अभ्यासात आजारी पडलेल्या आया एकाच बाजूला जास्त दिसतात.

तर त्यांनी आईचे २०० पेक्षा जास्त आजार तपासले, बीपी, मधुमेह, दमा, नैराश्य, इन्फेक्शन, सगळं. इतर आजारांचा आणि परिस्थितीचा हिशोब धरल्यावर त्यातल्या ३० आजारांचा ऑटिझमशी सांख्यिकी संबंध राहिला. एवढं छापलं की मथळा तयार होतो, आईच्या ३० आजारांमुळे ऑटिझम. पण ते तिथे थांबले नाहीत. भावंडं तपासली, आणि बापांचेही तेच आजार तपासले. बाप काही गरोदर नसतो, तरी त्याच्या अनेक आजारांचा संबंध आईच्या आजारांइतकाच दिसला. म्हणजे नैराश्य असेल किंवा आणखी काही, ते पोटातल्या बाळावर थेट परिणाम करतंय असं नसून घराण्यात जे वाहतंय तेच आईत एका रूपात आणि मुलात दुसऱ्या रूपात दिसतंय.

भावंडांमध्येही टिकून राहिला तो मुख्यतः गर्भाच्या गुंतागुंतीचा संबंध. आणि त्याबद्दलही संशोधकांचं म्हणणं असं की ती गुंतागुंत कारण असण्यापेक्षा बाळाचा विकास आधीच वेगळ्या वाटेने चालल्याची खूण असण्याची शक्यता जास्त. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे बाळंतपणात त्रास झाला म्हणून मूल असं झालं असं सरसकट धरतात, आणि प्रत्यक्षात क्रम उलटा असू शकतो.

आणखी एक. २०१९ मध्ये डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया मिळून वीस लाखांवर मुलांचा अभ्यास झाला होता. त्यात ऑटिझमच्या शक्यतेतला साधारण ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. आईच्या शरीरामुळे म्हणून जो वेगळा वाटा काढतात तो जवळजवळ नाहीच असं आलं.

शरयू_एम

मानसशास्त्र शिकवते म्हणून थोडं मागचं लिहिते, कारण आईला धरायची ही सवय फक्त आपल्या सासरची नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात जागा दिली आणि त्याच लेखात आईबाप फार थंड, बुद्धिजीवी असतात असं नोंदवलं. पुढे शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी तर मूल असं होतं कारण आईला ते नकोच असतं इथपर्यंत नेलं, आणि एक अख्खी पिढी मुलांना आयांपासून लांब ठेवून बरं करायच्या मागे लागली. कल्पना करा, निदान झालंय आणि उपचार काय तर आईला बाजूला करा. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील, त्यांनी १९६४ मध्ये पुराव्यानिशी मांडलं की हे मेंदूच्या जडणघडणीतलं आहे. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये फोलस्टाईन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या पाहिल्या. एकसारख्या, म्हणजे जनुकं तीच असलेल्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकातही नाही. दोन्ही प्रकारांत गर्भाशय एकाच आईचं, गरोदरपण एकच. कॅनरनी स्वतः १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभं राहून पालकांना दोषमुक्त केलं होतं, हे मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगते.

रेवा_संभाजीनगर

मला जरा घाईने विचारायचंय. मला फिट्सचा त्रास आहे, एन्कोरेट चालू आहे कॉलेजपासून. लग्न होऊन वर्ष झालं, आता बाळाचा विचार करतोय. कुठेतरी वाचलं की या गोळीने ऑटिझम होतो, म्हणून बंद करावी का असं वाटतंय. इथे तर सगळे म्हणताहेत की आईच्या गोष्टींचा संबंध नसतो. नक्की काय समजू?

डॉ_समीर_विकासबालरोग

रेवा, बरं झालं विचारलंत, कारण हे अपवादातलं आहे आणि हे सांगितल्याशिवाय हा धागा अर्धवट राहिला असता.

एन्कोरेट, व्हॅल्पारिन म्हणजे व्हॅल्प्रोएट. या औषधाचा धोका खरा आहे. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००६ मध्ये जन्मलेल्या साडेसहा लाख मुलांच्या अभ्यासात एकूण मुलांमध्ये ऑटिझम स्पेक्ट्रमचं प्रमाण सुमारे १.५ टक्के होतं, आणि पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांमध्ये ४.४ टक्के. शिवाय पाठीच्या कण्याचे दोष आणि बुद्धीच्या विकासावरचा परिणाम वेगळा. पण गोळी मनाने बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. अचानक बंद केली तर मोठी फिट येऊन तुमच्या जिवावर बेतू शकतं. न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि स्पष्ट सांगा की बाळाचा विचार आहे. बऱ्याच जणींना हळूहळू लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरॅसिटॅम या फिट्सच्या दुसऱ्या औषधांवर आणता येतं. हा बदल स्थिरावायला महिने लागतात, म्हणून तोवर दिवस जाऊ देऊ नका. फॉलिक अ‍ॅसिडचा तुमच्यासाठीचा डोसही त्यांनाच विचारा.

दुसरा खरा अपवाद रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. १९६४ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली होती, त्यात पोटात असताना बाधा झालेल्या २४३ मुलांचा स्टेला चेस यांनी पाठपुरावा केला, त्यातल्या १८ जणांत ऑटिझमची पूर्ण किंवा अर्धवट लक्षणं सापडली, त्या काळाच्या मानाने हा आकडा प्रचंड होता. आपल्याकडे महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, पण ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती, आता ज्या पंचविशी-तिशीत आहेत त्यांच्यातल्या अनेकींना ही लस मिळालेली नसते. लस गरोदरपणात देत नाहीत, म्हणून आधीच घ्यायची आणि नंतर महिनाभर थांबायचं. ऑटिझम टाळणारी लस शोधत असाल तर ती हीच आहे, आणि लोक उलट लसीलाच घाबरतात.

तिसरं, फार लवकर जन्म. स्वीडनच्या आकड्यांत २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांमध्ये सुमारे ६ टक्के, पूर्ण दिवसांच्या मुलांमध्ये १.४ टक्के. म्हणजे शंभरातल्या ९४ जणांना नाहीच, पण लक्ष ठेवायला हवं. गरोदरपणातल्या मधुमेहाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियातल्या मोठ्या अभ्यासात २६ आठवड्यांच्या आधी निदान झालेल्यांमध्येच संबंध दिसला, आणि तो कारण म्हणून सिद्ध झालेला नाही. तरीही ग्लुकोज पिऊन करायची ती तपासणी चुकवू नका, मधुमेह सांभाळायची बाकी कारणं पुष्कळ आहेत.

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे आभार, विशेष करून डॉक्टर आणि आरहूसकर. मी हा धागा नवऱ्याला वाचायला दिला, विनय यांचं तर त्याने दोनदा वाचलं. आज जेवताना त्यानेच आईला विचारलं की मी नक्की कधी बोलायला लागलो, आणि त्या आपणहून सांगत बसल्या की हाक मारली तरी बघायचा नाही, नुसता पंख्याकडे बघायचा, त्यांच्या सासूने त्यांना काय काय ऐकवलं होतं. मला हे काहीच माहीत नव्हतं. त्यांनाही हेच सगळं ऐकून घ्यावं लागलं होतं.

एक शेवटचं विचारते. आम्हाला दुसरं मूल हवंय. घरचे म्हणतात यावेळी नीट काळजी घे म्हणजे असं होणार नाही. खरंच काही करण्यासारखं आहे का?

डॉ_समीर_विकासबालरोग

आधी आकडा सांगतो. पहिल्या मुलाला ऑटिझम असेल तर पुढच्या भावंडाला असण्याची शक्यता साधारण पाचात एक. २०११ च्या अभ्यासात १८.७ टक्के आली होती, २०२४ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा २०.२. तुम्ही कितीही काळजी घेतलीत तरी हा आकडा शून्यावर येत नाही, हे घरच्यांना तुमच्यासमोर आपल्या तोंडाने सांगायला नवऱ्याला सांगा, कारण नंतर काही झालं तर काळजी घेतली नाहीस हेच ऐकावं लागेल.

करण्यासारखं असं की दिवस जाण्याआधी जेनेटिक काउन्सेलिंग घ्या. मुलाची मायक्रोअ‍ॅरे आणि फ्रॅजाइल एक्सची तपासणी (या दोन्ही रक्तातून करायच्या जनुकीय तपासण्या) झाली नसेल तर ती आधी, सगळ्यांमध्ये काही सापडत नाही पण सापडलं तर पाचात एक हा आकडा तुमच्यासाठी पूर्ण बदलू शकतो. रुबेलाची लस झाली आहे का बघा, फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करा, थायरॉइड आणि शुगर तपासून घ्या. आणि बाळ झाल्यावर बोलत नाही म्हणून तीन वर्षं वाट बघू नका. नऊ महिन्यांपासूनच बोट दाखवतं का, नावाला बघतं का, यावर लक्ष ठेवा, सोळा महिन्यांनंतर एम-चॅट ही ऑटिझमची शक्यता तपासणारी प्रश्नावली भरून घ्या. खाजगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) मोफत होतं.

तिथे परत तोच फॉर्म मिळेल. वडिलांचं बोलणं उशिरा सुरू झालं हे वडिलांच्या रकान्यात लिहा, रकाना नसेल तर बाजूला लिहा.

रेवा_संभाजीनगर

न्यूरॉलॉजिस्टची गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली. गोळी चालूच ठेवली आहे. तिकडून आल्यावर इथे लिहीन, म्हणजे माझ्यासारखी अजून कोणी असेल तर तिला उपयोग होईल.